लिंबूटिंबूची आई

चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी त्या पोरांना नावं ठेवायला नको. ती पोरं सरळ होती. इतकी सरळ की मी जे सांगितलं ते त्यांनी अख्खा उन्हाळा जसंच्या तसं पाळलं, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

आम्ही देशी लोकांनी भरलेलं ॲशबर्न सोडून नेब्रास्कात आलो ते काही हौसेनं नाही. नवऱ्याची नोकरी ले-ऑफमध्ये गेली, नवी नोकरी शोधायचे व्हिसाचे साठ दिवस सुरू झाले आणि त्या दिवसांत एकाच कंपनीनं हो म्हटलं. ती शेतात पाणी फिरवायची मोठाली यंत्रं बनवायची आणि तिचं ऑफिस होतं एवढ्याशा गावात. गावात सिग्नल एक, तोही नुसता पिवळा लुकलुकायचा. पाण्याची एक उंच टाकी, धान्याची कोठारं आणि रोज गावाच्या मधोमध पाच-सात मिनिटं रस्ता अडवून धरणारी मालगाडी. इंडियन ग्रोसरी अडीच तासांवर. मी नवऱ्याला म्हटलं, "अरे, इथे कढीपत्ता मिळाला नाही तर माझं डोकं फिरेल." तो पुण्याचा. म्हणाला, "ते इथे येण्याच्या आधीपासूनच फिरलेलं आहे, गावाला कशाला दोष देतेस?"

कढीपत्त्याचं जाऊ द्या. मला खरी काळजी होती पोरीची.

लेक तेव्हा आठ वर्षांची होती. तिला दमा. फार नाही, पण ॲशबर्नला दोनदा इमर्जन्सीत न्यावं लागलं होतं आणि दुसऱ्या वेळी तिचे ओठ मी ज्या रंगाचे पाहिले तो रंग मी अजून विसरलेले नाही. तेव्हापासून तिचा पंप माझ्या पर्समध्ये, एक गाडीत, एक शाळेच्या नर्सकडे. ती जरा जोरात हसली तरी माझे कान टवकारायचे. या गावातल्या शाळेत ती एप्रिलमध्ये आली, वर्ष संपायला दोन महिने राहिलेले. सगळ्यांच्या जोड्या आधीच जमलेल्या. टीचर म्हणायची, शी इज व्हेरी क्वाएट. घरी यायची तेव्हा टी-शर्टची कॉलर चावून चावून ओली झालेली असायची. रात्री देवापाशी मी एकच मागणं मागायचे, की माझ्या पोरीला कोणीतरी खेळायला घेऊ दे. बाकी ग्रीन कार्ड-बिर्ड तुझं तू बघ.

ॲशबर्नमध्ये खेळणं म्हणजे अपॉइंटमेंट. व्हॉट्सॲपवर विचारायचं, मंगळवारी साडेचार ते साडेपाच चालेल का, नट ॲलर्जी आहे का, मी थांबू की सोडून जाऊ. इथे जूनच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी बेल वाजली. दार उघडलं तर एक अकरा वर्षांची मुलगी अनवाणी उभी. दातांना तारा, दोन्ही गुडघे सोललेले. मागे लॉनवर चार-पाच पोरं सायकली आडव्या टाकून थांबलेली, त्यांत लाल केसांचे दोन जुळे भाऊ. ती म्हणाली, "कॅन युअर गर्ल कम आउट अँड प्ले?"

एवढंच. ना ओळख, ना पाळख. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आमच्या नागपूरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये असंच असायचं. चार वाजले की खालून हाका सुरू, आणि कोणाच्या घरी कोण पोट्टं जेवलं याचा हिशोब कोणीच ठेवायचं नाही. त्या मुलीला मी मनातल्या मनात ताई म्हणायला लागले ते त्या क्षणापासून.

"काय खेळता तुम्ही?" मी विचारलं.

तिनं सांगितलं आणि मी उडालेच. मधोमध एक डबा ठेवायचा. एकावर राज्य. बाकीचे लपणार. राज्यवाला ज्याला बघेल त्याचं नाव घेऊन डब्याला हात लावणार, तो कैदी. आणि कोणी लपलेल्यानं धावत येऊन डब्याला लाथ मारली की सगळे कैदी सुटले. अहो, हा तर आपला डबा ऐसपैस! कॉफीचा पत्र्याचा डबा, ठोकर खाऊन खाऊन चेपलेला, तो एका जुळ्याच्या काखेत होता. आमचा डालड्याचा असायचा, एवढाच काय तो फरक. मी इतकी खूश झाले की शहाणपण पार गहाण पडलं.

लेक आत बूट शोधत होती. तेवढ्यात मी दार ओढून घेतलं, पोर्चवर आले आणि ताईला बाजूला घेतलं. म्हटलं, ऐक, तिला श्वासाचा त्रास आहे. आमच्याकडे असं कोणी लहान किंवा नाजूक असलं की त्याला आम्ही लिंबूटिंबू करतो. म्हणजे ते सगळ्यांबरोबर खेळतं, पळतं, ओरडतं, पण ते पकडलं गेलं तरी आउट नाही. त्याच्यावर राज्य येत नाही. तिला असं घ्याल का?

ताईनं दोनदा तो शब्द म्हणून बघितला. लिम्बू टिम्बू. मग विचारलं, "सो शी डझन्ट काउंट?"

मी म्हटलं, "हो, तसंच. पण तिला सांगू नका हं. तिला वाईट वाटेल."

"येस, मॅम," ती म्हणाली. डॉक्टरनं औषध सांगावं आणि पेशंटनं ऐकावं तसं तिनं ऐकलं होतं. लेक बूट घालून बाहेर आली, ताईनं तिचा हात धरला, आणि दोघी लॉनवर पळाल्या. मला वाटलं, वा गं माझी हुशारी! पोरीला खेळायलाही मिळालं आणि जिवाला धोकाही नाही.

त्या दिवसापासून आमचं घर बदललं. संध्याकाळी सहाला गावाचा भोंगा व्हायचा, जेवणं आटपायची आणि साडेसहाला पोरं बाहेर. त्या गल्लीत कुंपणं नव्हती. एकाचं अंगण संपून दुसऱ्याचं कुठे सुरू होतं ते कळायचं नाही. नियम दोनच. मक्याच्या शेतात लपायचं नाही, कारण मका डोक्याच्या वर गेला की आत गेलेलं पोर सापडत नाही. आणि रस्त्यावरचे दिवे लागले की ज्यानं त्यानं घरी जायचं. डबा, कधी आपल्या विषामृतासारखा हात लावून गोठवायचा खेळ, कधी दोन रांगा करून हातात हात धरायचे आणि समोरच्या रांगेतल्या एकाचं नाव पुकारायचं, मग त्यानं धावत येऊन ती साखळी तोडायची. मी पोर्चवर खुर्ची टाकून बसायचे, मांडीवर काहीतरी निवडायला घेऊन, खिशात पंप.

पोरगी खुलली. कॉलर चावणं थांबलं. रात्री जेवताना तोंड बंद होईना. "आई, आय नेव्हर गॉट कॉट! नॉट वन्स!" तिसऱ्या-चौथ्या दिवशी तर म्हणाली, "मी ना, त्या सगळ्यांत फास्ट आहे. ते ट्विन्सपण मला पकडू शकत नाहीत." नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. त्याला मी काही सांगितलेलं नव्हतं. तो कौतुकानं बघत होता, मला मात्र भाजी जास्त वाढायची आठवण झाली.

रविवारी नागपूरला व्हिडिओ कॉल. माझी आई म्हणाली, "कावं, कशी आहेस? श्वास लागते का?" नात म्हणते, "आजी, मला कोणी पकडूच शकत नाही!" आई हरखली. म्हणाली, "आईवर नाही गेलीस मग. तुझी आई तर रडकी होती, लिंबूटिंबू होती सहा वर्षांची होईस्तोवर." मी घाईघाईनं विषय बदलला आणि आजोबांच्या गुडघ्याचं विचारलं.

मी होतेच लिंबूटिंबू. पण मला ते माहीत होतं! सगळ्या कॉलनीला माहीत होतं. मी रोज भांडायचे, आता मी मोठी झाले, आता मला खरं घ्या म्हणून. आणि एक दिवस पहिल्या मजल्यावरच्या दादानं म्हटलं, बरं, आजपासून तू पक्की. पहिल्याच डावात माझ्यावर राज्य आलं आणि मी भोकाड पसरलं. रडत रडत राज्य घेतलं, पण घेतलं. हे सगळं मला आठवत होतं. आठवून मी काय केलं? काही नाही. गप्प बसले.

आणि पोर्चवरून मला दिसत होतं. हे मी आता नाकारत नाही. त्या साखळीच्या खेळात समोरची रांग नाव पुकारायची, तेव्हा एकेकाचं नाव दोनदा, तीनदा यायचं. हिचं कधीच नाही. ही पाय मागे-पुढे करत, तयार होऊन उभी. ओठ हलायचे तिचे, जणू आता आपलंच. मग दुसरंच कोणी धावत सुटायचं. ती टाळ्या वाजवायची.

डब्याच्या खेळात तर त्याहून वाईट. ती कुठल्या तरी झुडपामागून जिवाच्या आकांतानं पळत यायची. राज्यवाला तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करायचा. ती डब्याला लाथ मारायची, ठण्ण, आणि "रन! रन!" ओरडत घराच्या कोपऱ्याआड पळून जायची, सगळ्यांना सोडवल्याच्या आनंदात. कैदी उठायचे, चार पावलं पळायचे. ती दिसेनाशी झाली की गुपचूप परत येऊन कैद्यांच्या जागी बसायचे. ताई डबा उचलून आणायची आणि पुन्हा जागेवर ठेवायची. एक शब्द न बोलता. कोणी हसायचं नाही, कोणी चिडायचं नाही. मी सांगितलं होतं ना, तिला कळू देऊ नका. कळू देत नव्हती पोरं.

पहिल्यांदा हे बघितलं त्या रात्री मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो उशी झटकत बसला. हा माणूस बोलला नाही की मला जास्त राग येतो.

"बोल ना काहीतरी," मी म्हटलं.

"लिंबूटिंबू कोणाला करायचं हे पोरं ठरवतात गं," तो म्हणाला. "आई जाऊन सांगत नाही. तुझ्या आईनं सांगितलं होतं?"

"माझ्या आईला मी कुठे आहे हेच माहीत नसायचं! आणि मला दमा नव्हता."

"तिला सांगून टाक. उद्याच."

"आणि काय सांगू? की तुला कोणी पकडत नाही ते तू फास्ट आहेस म्हणून नाही? या गावात तिच्याकडे एवढी एकच गोष्ट आहे, यार. ती काढून घेऊ?"

"तू नाही काढलीस तर दुसरं कोणीतरी काढेल," तो म्हणाला, आणि कूस बदलून झोपला. पुणेकर. शेवटचं वाक्य आपलंच हवं. पण ते खरं होतं, आणि खरं आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी रोज उद्यावर ढकलत राहिले. आज नको, आज ती किती खूश आहे. आज नको, आज शनिवार आहे. मनातून वाटायचं, शाळा सुरू होईल, खेळ आपोआप थांबेल, झाकली मूठ राहील.

जुलैच्या शेवटी ताईकडे तिचा मामेभाऊ आला. दुसऱ्या गावचा, दहा-एक वर्षांचा, तुरतुरीत पोरगा. त्या संध्याकाळी शेजारच्या आजोबांनी आमच्या दारात पिशवीभर मक्याची कणसं ठेवली होती, मी पोर्चवर बसून ती सोलत होते. पोरांनी डबा मांडला. राज्य त्या नव्या पोरावर आलं. त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं. ताई विसरली असेल, नाहीतर दोन महिन्यांत ते त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की सांगायचं असतं हे सुचलंच नसेल.

तीन कैदी बसले होते. लेक आमच्या गॅरेजमागून निघाली, नेहमीसारखी, हात पंख्यासारखे फिरवत. त्या पोरानं तिला बघितलं आणि तो खरंच धावला. पूर्ण ताकदीनं. ती अजून पंधरा पावलं लांब होती तेव्हा त्याचा हात डब्यावर होता. त्याला तिचं नाव ठाऊक नव्हतं, म्हणून ओरडला, "गर्ल इन द यलो शर्ट! यू आर कॉट!"

लेक जागच्या जागी थांबली. तोंड उघडं. माझ्या हातातलं कणीस तसंच राहिलं. आता रडेल असं वाटलं मला. पण तिनं काय केलं माहीत आहे? तिनं खांदे उडवले, जरा हसली आणि चालत जाऊन कैद्यांच्या ओळीत बसली. मांडी घालून. हरली होती आणि मजेत होती. बाई गं, त्या क्षणी सगळं आपोआप नीट होऊ शकलं असतं. पकडली गेली, बसली, पुढच्या डावात पुन्हा पळाली असती. कोणाला कधीच काही सांगावं लागलं नसतं.

पण ताई झाडामागून बाहेर आली. शब्दाची पक्की पोरगी ती. "नो, नो," ती भावाला म्हणाली. "शी डझन्ट काउंट."

"व्हाय नॉट?"

"हर मॉम सेड सो."

"आय गॉट हर फेअर!"

"शी नेव्हर काउंट्स," एक जुळा म्हणाला. वाईट हेतूनं नाही. नवीन पोराला नियम समजावून सांगावा तसा. "शी किक्स इट अँड वी जस्ट गो बॅक."

मी उठले. मांडीवरची सालपटं सगळी खाली पडली. काय करायला उठले होते कोण जाणे. लेकीनं ताईला विचारलं, "सिन्स व्हेन?" आवाज अगदी साधा होता. ताईचा चेहरा लाल झाला. तिला कळलं होतं की काहीतरी मोडलं. ती हळूच म्हणाली, "लाइक, द फर्स्ट डे."

मग लेकीनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती बघत होती, हिशोब मांडत असल्यासारखी, जूनपासूनची एकेक संध्याकाळ.

घरात येऊन ती बाथरूमच्या दाराशी जमिनीवर बसली. श्वास लागला होता. दोन पफ दिले, पाठीवर हात फिरवला. तिनं हात झटकला नाही. श्वास जरा बसल्यावर म्हणाली, "आई, डिड आय एव्हर सेव्ह देम? फॉर रिअल? इव्हन वन टाइम?"

खोटं बोलायला तोंड उघडलं आणि "नाही" एवढंच निघालं. मग मी तिला सगळं सांगितलं. क्वार्टर्स, डालड्याचा डबा, लिंबूटिंबू म्हणजे काय, ते वाईट नसतं, उलट प्रेमानं घेतात, मीसुद्धा होते.

"तुला माहीत होतं? की तू लिंबूटिंबू आहेस?"

"हो."

"देन व्हाय डिडन्ट यू टेल मी?"

"तुला वाईट वाटलं असतं, बाळा."

तिनं मान हलवली, हो म्हणून. पटल्यासारखी नाही, नुसतं ऐकल्यासारखी. तिला वाईट वाटू नये म्हणून मी केलेल्या गोष्टीनं ती तिथे फरशीवर बसली होती, आणि मी अजूनही तेच कारण सांगत होते. माझी मलाच लाज वाटली.

आता गप्प बसावं की नाही? पण माझा स्वभाव! बिघडवलेलं निस्तरायचं, आणि तेही लगेच. सकाळी बेसनाचे लाडू डब्यात भरले आणि ताईच्या घरी गेले. तिला म्हटलं, तो नियम संपला. आजपासून माझी मुलगी पक्की. तिला पकडा, तिच्यावर राज्य द्या, सगळं द्या.

ताईनं लाडू धरून विचारलं, "बट व्हॉट अबाउट हर ब्रीदिंग?"

पोरगी माझ्यापेक्षा जास्त लक्षात ठेवून होती. मी म्हटलं, ती दमली की स्वतः थांबेल. हे वाक्य मी दोन महिन्यांपूर्वी म्हणायला हवं होतं.

संध्याकाळी लेक बाहेर जायला तयार नव्हती. मीच लावून धरलं. जा, आज बघ, आज खरं खेळतील. नवरा म्हणाला, "राहू दे एक-दोन दिवस." मी ऐकलं नाही. ती गेली. पहिल्याच डावाला ताईनं तिच्या हातात डबा दिला. राज्य तिच्यावर. तिनं डोळे मिटून पन्नास मोजले. मी खिडकीच्या पडद्याआडून बघत होते, पोर्चवर बसायची हिंमत नव्हती.

तिनं डोळे उघडले. कचऱ्याच्या डब्यामागे एका जुळ्याचे दोन्ही पाय अख्खे दिसत होते. दुसरा जुळा झाडावर, पण सगळ्यात खालच्या फांदीवर, आणि वरून खोकला. ताई तर डब्याकडे धावत आली ती अशी की आमची आजीसुद्धा तिच्या पुढे गेली असती. नवा पोरगा, कालचा वारा, आज बुटाची लेस बांधायला मधेच वाकला. दहा मिनिटांत सगळे कैदी. ओळीनं बसून "गुड जॉब!" म्हणत होते.

त्यांना हे मी सांगितलेलं नव्हतं. देवाशपथ नव्हतं. कालचं त्यांना लागलं होतं, आणि भरपाई कशी करायची ते त्यांना एकच ठाऊक होतं. ते अख्खा उन्हाळा मीच त्यांना शिकवलं होतं.

लेकीनं प्रत्येकाच्या तोंडाकडे बघितलं. एकेक करून. मग वाकून डबा नीट उभा केला आणि म्हणाली, "आय हॅव टू गो होम." अजून उजेड होता, दिवे लागायला बराच अवकाश होता. कोणी तिला थांब म्हटलं नाही.

त्यानंतर ती खेळायला गेली नाही. ताई दोनदा येऊन विचारून गेली, दोन्ही वेळा हिनं पुस्तकातून डोकं वर न काढता नाही म्हटलं, आणि पुढे ताई येईनाशी झाली. ऑगस्टभर पोरांचा आरडाओरडा खिडकीतून ऐकू यायचा आणि आमच्या घरात टीव्हीचा आवाज थोडा वाढायचा. मी तिला सॉरी म्हटलं, एकदा नाही, दहादा. ती दर वेळी "इट्स ओके" म्हणाली. तिला राग नव्हता. राग असता तर तो काढता आला असता, समजूत घालता आली असती. नवरा मला एकदाही "मी सांगितलं होतं" म्हणाला नाही. तेवढं मात्र त्या माणसाचं मानावं लागेल.

शाळा सुरू झाली. तिसरी. मका कापायची यंत्रं शेतात उतरली, गावभर धूळ, तरी तिचा श्वास बरा राहिला. वर्गात नवी टीचर, नव्या जोड्या. ऑक्टोबरच्या एका दुपारी मी तिला घ्यायला गेले. गाडीत बसली, बेल्ट लावला आणि म्हणाली, "आज रीसेसमध्ये किकबॉल होता. टू टीम्स. एका टीमच्या कॅप्टननं मला फर्स्ट पिक केलं."

"पहिलं? सगळ्यांच्या आधी?"

"हं."

माझा आनंद गाडीत मावेना. कोण कॅप्टन, कुठे राहते, मी धडाधड विचारत सुटले. ती सांगत होती. केस कुरळे आहेत, घरी गायी आहेत, बसनं येते. मी त्या मुलीचं नावसुद्धा कधी ऐकलं नव्हतं. आम्ही मालगाडीसाठी थांबलो होतो, डबे समोरून खडखडत जात होते. लेक ते बोटांवर मोजत होती. मग म्हणाली, "आई, तू तिच्या मॉमला टेक्स्ट केलं होतंस का?"

"नाही गं! मी तर तिला ओळखतसुद्धा नाही."

"टीचरला?"

"नाही."

"इट्स ओके. यू कॅन टेल मी. आय वोन्ट बी मॅड."

मी मागे वळले. म्हटलं, माझ्या आईची शपथ, तुझी शपथ, मी कोणालाही काहीही सांगितलेलं नाही. तिनं तुला स्वतःहून घेतलं. तू चांगली खेळतेस म्हणून घेतलं. माझा आवाज चढला होता. पोरीला खरोखर कोणीतरी पहिलं निवडलं होतं आणि तिला ते माझ्यामुळे घेता येत नव्हतं.

तिनं बेल्ट सैल केला. मग पुढे वाकून तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आजारी माणसाला धीर द्यावा तसा.

"ओके, आई," ती म्हणाली. "फक्त उद्या नको सांगूस तिला."